स्नूकरमधील जागतिक क्रमवारी

स्नूकर या खेळातील धंदेवाईक खेळाडूंची, त्यांच्या स्पर्धांतील कामगिरीनुसार लावलेली यादी. स्पर्धेतील थेट प्रवेश, मानांकन म्हणजे सामन्यांच्या जुळणीत आघाडीच्या खेळाडूंना ठरवून दिलेले स्थान आणि धंदेवाईक दौऱ्यावर राहण्याचा हक्क या तीन गोष्टी या यादीवर अवलंबून असतात. १९७६ मध्ये एकाच स्पर्धेच्या निकालांवरून सुरू झालेली ही यादी पुढील चार दशकांत, वर्षाकाठी वीसच्या आसपास भरणाऱ्या स्पर्धांच्या पारितोषिकांची खातेवही बनली. त्यामुळे ती खेळाडूची योग्यता नोंदविते आणि त्याचबरोबर त्याने किती, कोठे व केव्हा खेळावे हेही बऱ्याच अंशी ठरविते. भारतातून, विशेषतः मुंबईहून, या दौऱ्यावर गेलेल्या खेळाडूंच्या वाटचालीत या दुसऱ्या परिणामाची किंमत स्पष्टपणे दिसून येते.

क्रमवारीपूर्व काळ : स्नूकरचा जन्म भारतातील ब्रिटिश लष्करी छावणीत झाला. १८७५ मध्ये जबलपूर येथे नेव्हिल चेंबरलिन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्‌सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून हा खेळ रूढ केला, असे मानले जाते. उटकमंड येथील क्लबात त्याचे नियम पुढे निश्चित झाले. बिलियर्ड्‌सचे टेबल हे त्या काळी छावण्यांतील अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांचे व गोऱ्यांच्या क्लबांचे नेहमीचे अंग असे. महाराष्ट्रात पुणे व खडकी येथे, तसेच निजामी अमलातील औरंगाबाद, जालना व हिंगोली येथे लष्करी ठाणी होती. हिंगोलीची हैदराबाद कंटिंजंटची छावणी विसाव्या शतकाच्या आरंभी उठली. छावण्यांबरोबर आलेला हा खेळ महाराष्ट्रात स्थिरावला, तो मात्र मुख्यत्वे मुंबई-पुण्याच्या क्लबांत व जिमखान्यांत. सुमारे बारा फूट लांब व सहा फूट रुंद असे दगडी पाट्यांचे जड टेबल, त्यावरील लोकरी कापड आणि त्यासाठी लागणारी स्वतंत्र खोली यांचा खर्च पाहता ते स्वाभाविकच होते.

इंग्लंडमध्ये १९२७ साली या खेळाची पहिली विश्व अजिंक्यपद स्पर्धा झाली. जो डेव्हिस याने ती जिंकली आणि १९४६ पर्यंत हे अजिंक्यपद स्वतःकडेच राखले. त्या काळी धंदेवाईक खेळाडू मोजकेच होते. कोण श्रेष्ठ हे सर्वांस ठाऊक असे आणि यादी करण्याची गरज भासत नसे. १९५८ ते १९६३ या काळात तर स्पर्धाच भरली नाही. १९६४ मध्ये ती आव्हानाच्या पद्धतीने पुन्हा सुरू झाली. विद्यमान विजेत्यास एखाद्याने आव्हान द्यावे व त्या एका लढतीतून अजिंक्यपदाचा निर्णय व्हावा, असे तिचे स्वरूप होते. १९६९ पासून ती बाद पद्धतीने खेळविली जाऊ लागली आणि खेळाडूंची संख्या वाढू लागली.

भारतात या काळात खेळाचा मान पदकांवर व अजिंक्यपदांवर ठरत असे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्ता येथे आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये बिलियर्ड्‌सची हौशी गटाची विश्वस्पर्धा जिंकली. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी हाच मान १९७७, १९८१ व १९८३ मध्ये मिळविला. स्नूकरमध्ये ओम अगरवाल हे १९८४ मध्ये डब्लिन येथे हौशी विश्वविजेते ठरले. हौशी खेळाडूंचे वर्ष राष्ट्रीय स्पर्धा व एखादी आंतरराष्ट्रीय स्पर्धा यांभोवती आखलेले असे. दोन स्पर्धांमध्ये सराव, नोकरी वा व्यवसाय यांना अवसर मिळे. एखाद्या वर्षी न खेळल्यास पूर्वी मिळविलेले पद उणे होत नसे.

क्रमवारीचा प्रारंभ : धंदेवाईक खेळाडूंची पहिली क्रमवारी १९७६–७७ च्या हंगामासाठी तयार झाली. तिचा हिशेब अत्यंत साधा होता. १९७४, १९७५ व १९७६ या तीन विश्वस्पर्धांतील निकाल विचारात घेण्यात आले. विजेत्यास पाच गुण, उपविजेत्यास चार, उपांत्य फेरीत हरणाऱ्यास तीन, उपउपांत्य फेरीत हरणाऱ्यास दोन आणि शेवटच्या सोळांत हरणाऱ्यास एक गुण देण्यात आला. तिन्ही स्पर्धा जिंकलेला वेल्सचा रे रीअर्डन पंधरा गुणांसह पहिल्या क्रमांकावर आला. या यादीचा हेतू विश्वस्पर्धेत कोणाची गाठ कोणाशी पडावी हे ठरविण्यापुरता मर्यादित होता. यापूर्वीचे निर्णय संयोजकांच्या मतावर अवलंबून असत. त्यांच्या जागी आता सर्वांस पडताळून पाहता येईल असे गणित आले. या दृष्टीने क्रमवारी ही सुधारणाच होती.

पुढील काही वर्षे केवळ विश्वस्पर्धेचेच गुण मोजले जात. दरम्यान रंगीत दूरचित्रवाणीने खेळाचे रूप पालटले. १९७७ पासून शेफील्ड येथील क्रूसिबल नाट्यगृहात विश्वस्पर्धा भरू लागली. १९८५ मध्ये डेनिस टेलर व स्टीव्ह डेव्हिस यांच्यातील, शेवटच्या डावातील शेवटच्या चेंडूवर निर्णय लागलेला अंतिम सामना ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख प्रेक्षकांनी पाहिला. प्रायोजक वाढले, त्यांबरोबर स्पर्धाही वाढल्या. १९८२ पासून विश्वस्पर्धेखेरीज अन्य स्पर्धांनाही क्रमवारीचे गुण देण्यास सुरुवात झाली. खेळाडूच्या दृष्टीने हा बदल मूलगामी होता. तोवर एखादी स्पर्धा टाळल्यास केवळ तिचे पारितोषिक हुकत असे. आता तिच्याबरोबर गुणही हुकू लागले आणि गुण हुकले की पुढील स्पर्धांतील स्थान घसरू लागले.

पहिले सोळा हा या यादीतील महत्त्वाचा उंबरठा ठरला. विश्वस्पर्धेत बत्तीस खेळाडू खेळतात. त्यांपैकी क्रमवारीतील पहिल्या सोळांना पात्रता फेऱ्या खेळाव्या लागत नाहीत. उरलेल्या सोळा जागांसाठी इतर सर्वांना झगडावे लागते. सोळावा व सतरावा यांच्या खेळात फरक अत्यल्प असला, तरी त्यांच्या वर्षाच्या आखणीत व प्राप्तीत मोठे अंतर पडे.

खुला दौरा : १९९१ मध्ये धंदेवाईक स्नूकरचे दार सर्वांस खुले करण्यात आले. शुल्क भरून कोणासही सदस्य होता येऊ लागले आणि खेळाडूंची संख्या शेकड्यांत गेली. एवढ्यांची चाळणी करण्यासाठी पात्रता फेऱ्यांचे लांबलचक सत्र इंग्लंडच्या किनाऱ्यावरील ब्लॅकपूल येथे एका हॉटेलात भरविले जाई. वर्षभरातील अनेक स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या तेथे सलग उरकल्या जात. १९९२ च्या उन्हाळ्यात सोळा वर्षांच्या रॉनी ओसलिव्हन याने तेथे आपल्या पहिल्या ७६ सामन्यांपैकी ७४ जिंकले. त्यांत ३८ विजय ओळीने मिळविलेले होते. त्याच्या गुणवत्तेचा दाखला म्हणून ही आकडेवारी नेहमी दिली जाते. तथापि एका नवख्या खेळाडूस मुख्य स्पर्धांपर्यंत पोहोचण्यासाठी किती सामने खेळावे लागत, याचाही तो दाखला आहे. जे थोडे हरले, ते यादीत खालीच राहिले आणि पुढील वर्षी पुन्हा तळापासून चढू लागले.

या काळातील पद्धतीत क्रमवारी वर्षातून एकदाच, विश्वस्पर्धेनंतर जाहीर होई. तिच्यात मागील दोन हंगामांचे गुण धरले जात. प्रवेशाची रचना पायऱ्यापायऱ्यांची होती. तळाच्या गटातील खेळाडूस मुख्य फेरी गाठण्यासाठी तीन-चार सामने जिंकावे लागत, तर वरच्या गटातील खेळाडू पुढील पायरीवर त्याची वाट पाहत असे. या रचनेचे दोन परिणाम झाले. वर पोहोचलेल्या खेळाडूस स्थैर्य मिळाले व तो वर्षभर आपल्या जागी निश्चिंत राहिला. खालच्या खेळाडूची चढण मात्र संथ व खर्चाची राहिली. २००९–१० च्या हंगामात क्रमवारीचे गुण देणाऱ्या स्पर्धा केवळ सहा होत्या. वर्षातील बराच काळ खेळाडूंच्या हाती काम नसे, अशी त्या वेळची तक्रार होती.

२०१० नंतरचे बदल : २०१० मध्ये बॅरी हर्न या संयोजकाने धंदेवाईक दौऱ्याची व्यापारी सूत्रे हाती घेतली आणि वरील तक्रारीवर अधिक स्पर्धा हा उपाय योजिला. छोट्या स्पर्धांची एक मालिका त्याच वर्षी सुरू झाली. चीनमधील स्पर्धा वाढल्या, युरोपातील शहरांत नव्या स्पर्धा भरू लागल्या आणि काही वर्षांतच गुण देणाऱ्या स्पर्धांची संख्या वीसच्या आसपास गेली. क्रमवारीही वर्षातून एकदाच न लावता हंगामात वेळोवेळी सुधारली जाऊ लागली. २०१३–१४ पासून बहुतेक स्पर्धांत १२८ खेळाडू पहिल्याच फेरीपासून एकत्र आले आणि पायऱ्यांची जुनी रचना मोडली. २०१४–१५ पासून गुणांचे कोष्टक जाऊन पारितोषिकाची रक्कम हाच गुण ठरला. मिळालेला प्रत्येक पौंड म्हणजे एक गुण, असा हा हिशेब असून मागील दोन वर्षांच्या मिळकतीची बेरीज खेळाडूचे स्थान ठरविते.

या बदलांमुळे गुणी खेळाडूस वर येण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागत नाही, हा त्यांचा निःसंशय लाभ होय. त्यांनी खेळाडूच्या मनावरचा भार मात्र वेगळ्या प्रकारे वाढविला.

क्रमवारीचे गणित : नव्या पद्धतीची तीन अंगे महत्त्वाची आहेत. पहिले अंग म्हणजे सरकती मुदत. एखाद्या स्पर्धेत मिळविलेली रक्कम दोन वर्षांनी, बहुधा त्याच स्पर्धेच्या वेळी, बेरजेतून वगळली जाते. समजा, एका खेळाडूने दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत २५,००० पौंड मिळविले होते. यंदा तो त्या स्पर्धेस गेला नाही किंवा पहिल्याच फेरीत हरला, तर त्याच्या खात्यातून तेवढी रक्कम कमी होते. त्याचा खेळ खालावलेला नसतो, तरीही त्याचे स्थान घसरते. म्हणून खेळाडूंच्या बोलण्यात मिळालेले गुण राखणे ही भाषा येते. पूर्वीचे यश पुढील वर्षी देण्याचे देणे होऊन बसते. आजारपण, दुखापत, घरचे कार्य वा विश्रांती यांसाठी घेतलेला प्रत्येक आठवडा या हिशेबात तुटीच्या बाजूस लिहिला जातो.

दुसरे अंग म्हणजे रकमांची विषमता. २०१९ पासून विश्वविजेत्यास ५,००,००० पौंड मिळू लागले. भारतात भरलेल्या इंडियन ओपन या स्पर्धेच्या विजेत्यास ५०,००० पौंड मिळत असत. म्हणजे क्रमवारीच्या दृष्टीने एक विश्वविजय अशा दहा स्पर्धांच्या विजयाबरोबर होता. सतरा दिवसांच्या एका स्पर्धेतील यश वर्षभराच्या सातत्यास झाकून टाकू शकते. याचे ठळक उदाहरण २०२५ मध्ये दिसले. अव्यावसायिक म्हणून पात्रता फेऱ्यांतून आलेल्या चीनच्या झाओ शिनतोंग याने त्या वर्षी मार्क विल्यम्स यास १८–१२ असे नमवून विश्वविजेतेपद मिळविले. ते मिळविणारा तो पहिला चिनी खेळाडू होय. तोवर यादीत नसलेला हा खेळाडू पुढील हंगामाच्या आरंभीच पहिल्या सोळांत गणला गेला.

तिसरे अंग म्हणजे यादीतून यादी निर्माण होणे. २०१८–१९ मध्ये त्या हंगामाच्या मिळकतीवर आधारलेल्या तीन स्पर्धांची मालिका भरविण्यात आली. पहिलीत बत्तीस, दुसरीत सोळा व तिसरीत आठच खेळाडूंना प्रवेश होता. वर असलेल्यास मोठ्या रकमांच्या या स्पर्धा खुल्या होत आणि त्यांतील रकमा त्यास आणखी वर नेत. ओसलिव्हन हा मोजक्याच स्पर्धा खेळणारा आणि भरगच्च वेळापत्रकावर उघड टीका करणारा खेळाडू होता. मार्च २०१९ मध्ये लँडडुड्‌नो येथे या मालिकेतील तिसरी स्पर्धा जिंकून तो २०१० नंतर प्रथमच पहिल्या क्रमांकावर आला. त्यापूर्वी २०१२–१३ च्या जवळजवळ संपूर्ण हंगामात तो खेळला नव्हता, तरीही हंगामाच्या शेवटी त्याने विश्वविजेतेपद राखले होते. निवड करण्याची ही मुभा असामान्य खेळाडूस परवडते. तिच्यावरून सर्वसामान्य धंदेवाईक खेळाडूची स्थिती ओळखता येत नाही.

त्या खेळाडूचा उंबरठा सोळावा नसून चौसष्टावा असतो. धंदेवाईक दौऱ्यावरील प्रवेशपत्र दोन वर्षांचे असते. ती मुदत संपताना जो पहिल्या चौसष्टांत असतो तो राहतो. उरलेल्यांपैकी वर्षभराच्या यादीतील काही थोडे वाचतात. बाकीच्यांना २०११ पासून दर वर्षी भरणाऱ्या क्यू स्कूल या पात्रता स्पर्धेत नवोदितांबरोबर पुन्हा उतरावे लागते. प्रवास व निवास यांचा खर्च खेळाडूने स्वतः करावयाचा असतो. पहिल्या फेरीत हरणाऱ्यास बहुसंख्य स्पर्धांत दीर्घ काळ काहीच रक्कम मिळत नसे. तरीही साठाव्या-सत्तराव्या क्रमांकाच्या खेळाडूस स्पर्धा टाळणे परवडत नाही. कारण त्याच्या दृष्टीने एका फेरीतील विजयाची रक्कमही प्रवेशपत्र राखण्यास निर्णायक ठरू शकते. अशा प्रकारे ज्याची प्राप्ती कमी, त्याच्यावर प्रत्येक ठिकाणी हजर राहण्याची सक्ती अधिक, असे या रचनेचे स्वरूप झाले.

भारतीय खेळाडू : वरील रचनेचा भार अंतरामुळे कसा वाढतो, हे भारतीय खेळाडूंच्या उदाहरणांतून कळते. दौऱ्यावरील स्पर्धा प्रामुख्याने ब्रिटन, चीन व युरोप येथे होतात. शेफील्डमध्ये राहणारा खेळाडू पहिल्या फेरीत हरल्यास त्याच रात्री घरी परततो. मुंबईच्या खेळाडूस परदेशी बिऱ्हाड करावे लागते, अन्यथा प्रत्येक सामन्यासाठी समुद्रापारचा प्रवास करावा लागतो. व्हिसाची प्रतीक्षा, सरावासाठी परक्या क्लबाचे टेबल व बरोबरीच्या जोडीदाराचा अभाव यांची त्यांत भर पडते.

मुंबईचे यासिन मर्चंट यांनी १९८९ मध्ये हौशी गटाचे आशियाई अजिंक्यपद मिळविले आणि दौरा सर्वांस खुला झाल्यानंतर ते धंदेवाईक खेळाडूंत दाखल झाले. या वाटेने जाणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते. ब्लॅकपूलच्या दीर्घ पात्रता सत्रांचा तो काळ होता. दौऱ्याची वाट सोडून परतल्यावर २००१ मध्ये त्यांनी आशियाई अजिंक्यपद पुन्हा जिंकले. बारा वर्षांच्या अंतराने मिळालेले हे यश त्यांच्या खेळाची प्रत टिकून होती असे दर्शविते. धंदेवाईक क्रमवारीच्या यादीत मात्र त्यास स्थान नव्हते.

मुंबईचेच आदित्य मेहता हे पुढच्या पिढीतील खेळाडू. २००८ मध्ये ते प्रथम दौऱ्यावर आले. २०१३ मध्ये कोलंबियातील काली येथे झालेल्या जागतिक क्रीडास्पर्धांत त्यांनी स्नूकरचे सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी दिल्ली येथे पहिली इंडियन ओपन भरली. तीत उपांत्य फेरीत स्टीफन मग्वायर यास हरवून मेहता अंतिम फेरीत पोहोचले. क्रमवारीचे गुण देणाऱ्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय होत. अंतिम सामना चीनच्या डिंग जुनहुई याने ५–० असा जिंकला. २०१४ मध्ये जर्मनीतील फ्यूर्ट येथे मेहता यांनी १४७ गुणांची सर्वोच्च खेळी केली. असे असूनही दौऱ्यावरील त्यांचे स्थान कायमचे पक्के झाले नाही. सुवर्णपदकास क्रमवारीत मोल नव्हते. अंतिम फेरीचे गुण सरकत्या मुदतीबरोबर दोन वर्षांनी गळून पडणारे होते.

पंकज अडवाणी यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९८५ मध्ये पुण्यात जन्मलेले व बंगलोर येथे वाढलेले अडवाणी स्नूकर व बिलियर्ड्‌स या दोन्ही खेळांत जागतिक दर्जाचे आहेत. २००३ मध्ये ते स्नूकरचे हौशी विश्वविजेते झाले. २०१२–१३ मध्ये ते धंदेवाईक दौऱ्यावर गेले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये वेल्श ओपनची उपउपांत्य फेरी गाठून असे करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच हंगामात, ऑक्टोबर २०१२ मध्ये, लीड्‌स येथे त्यांनी बिलियर्ड्‌सचे विश्वविजेतेपदही मिळविले होते. परंतु स्नूकरच्या खातेवहीत बिलियर्ड्‌सच्या विजयाची नोंद होत नाही. त्यासाठी दिलेला वेळ केवळ अनुपस्थितीचा काळ ठरतो. २०१४ मध्ये, दोन हंगामांनंतर, त्यांनी आपले प्रवेशपत्र स्वेच्छेने परत केले. दोन्ही खेळ खेळता यावेत व मायदेशी राहता यावे, ही त्यामागील कारणे होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी लीड्‌स येथे बिलियर्ड्‌सच्या वेळेवर व गुणांवर आधारित अशा दोन्ही प्रकारांची विश्वविजेतेपदे जिंकली. पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळविणाऱ्या या खेळाडूने धंदेवाईक क्रमवारी बाजूस ठेवली, ती पराभवामुळे नव्हे, तर तिच्या मागण्या आपल्या खेळाशी जुळत नाहीत, हे जाणून.

भारतात स्पर्धा भरल्यास हे अंतर कमी होईल, अशी अपेक्षा होती. इंडियन ओपन २०१३ मध्ये नवी दिल्ली, २०१५ मध्ये मुंबई, २०१६ मध्ये हैदराबाद, २०१७ मध्ये विशाखापटनम व २०१९ मध्ये कोची येथे झाली. मार्च २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या स्पर्धेत वेल्सच्या मायकेल व्हाइट याने रिकी वॉल्डन यास ५–० असे हरविले. पण या स्पर्धेच्या पात्रता फेरीतील बहुतेक सामने आधीच इंग्लंडमध्ये उरकले जात. पाच शहरांत पाच वेळा भरून ही स्पर्धा थांबली. त्यामुळे तिच्याभोवती भारतीय खेळाडूंचे स्थिर वेळापत्रक तयार होऊ शकले नाही. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, नॅशनल स्पोर्ट्‌स क्लब ऑफ इंडिया व खार जिमखाना, पुण्यात पी.वाय.सी. हिंदू जिमखाना यांसारख्या संस्थांनी टेबले व स्पर्धा यांद्वारे खेळाडू घडविले. तथापि या स्पर्धांतील यश जागतिक क्रमवारीत मोजले जात नाही. अलीकडच्या काळात मुंबईच्या इशप्रीतसिंग चढ्ढा यांनी क्यू स्कूलच्या मार्गाने दौऱ्यावर प्रवेश मिळवून २०२४ मध्ये इंग्लिश ओपनची उपांत्य फेरी गाठली. ही वाट बिकट असली, तरी बंद नाही, हे त्यावरून दिसते.

अन्य खेळांशी तुलना : टेनिसमध्ये संगणकीय क्रमवारी १९७३ मध्ये सुरू झाली. १९९० पासून पुरुषांच्या टेनिसमध्ये खेळाडूचे ठरावीक संख्येचे सर्वोत्तम निकालच मोजण्याची पद्धत आली. बॅडमिंटनच्या जागतिक क्रमवारीत मागील बावन्न आठवड्यांतील दहा सर्वोत्तम निकाल धरले जातात. या पद्धतींत अधिक खेळल्याने लाभ होतो. पण एका मर्यादेनंतर विश्रांतीचे नुकसान होत नाही. स्नूकरमध्ये अशी मर्यादा ठेवलेली नाही. दोन वर्षांतील गुणपात्र स्पर्धांची मिळकत बेरजेत धरली जाते आणि म्हणून प्रत्येक गैरहजेरी बेरजेबाहेर राहते. हा भेद तांत्रिक वाटला, तरी खेळाडूच्या जीवनक्रमावर त्याचा परिणाम मोठा आहे.

महाराष्ट्राच्या परिचयाच्या कुस्तीशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. १९६१ पासून दिला जाणारा महाराष्ट्र केसरी हा किताब एका अधिवेशनातील कुस्त्यांवर ठरतो. तो मिळविणारा मल्ल पुढील वर्षी मैदानात उतरला नाही, तरी त्या वर्षीचा केसरी तोच राहतो. गावोगावच्या जत्रांच्या फडांत तो किती कुस्त्या लढतो, यावर त्या किताबाचे मोल ठरत नाही. किताब हा झालेल्या पराक्रमाची नोंद असतो, क्रमवारी ही चालू हिशेबाची वही असते. किताबाच्या पद्धतीत एका दिवसाच्या नशिबास अधिक वाव राहतो व सातत्याची कदर कमी होते, हा तिचा दोष. क्रमवारीत सातत्याची कदर होते. पण थांबण्याची सोय राहत नाही.

उपाय व सद्यःस्थिती : या ताणाची जाणीव खेळाच्या नियामकांना अगदीच नाही, असे नाही. २०२२–२३ च्या हंगामापासून दौऱ्यावरील प्रत्येक खेळाडूस वर्षास किमान २०,००० पौंडांची हमी देण्याची योजना सुरू झाली. पारितोषिकांची बेरीज त्याहून कमी भरल्यास फरक भरून दिला जाऊ लागला. तळाच्या खेळाडूस तिचा आधार मिळाला; पण दूरच्या देशातून येणाऱ्याचा प्रवास व निवास लक्षात घेता तो अपुराच म्हणावा लागेल. २०२० नंतरच्या महासाथीत चीनमधील स्पर्धा थांबल्या व त्यांच्या मोठ्या रकमाही थांबल्या. अनेक स्पर्धा इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे एकाच ठिकाणी घ्याव्या लागल्या. वेळापत्रक व क्रमवारी ही दोन्ही किती थोड्या आधारांवर उभी आहेत, हे त्या काळात दिसून आले. २०२३ मध्ये चीनमधील गुणपात्र स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काही आघाडीच्या खेळाडूंनी मकाव येथे प्रदर्शनीय सामने खेळण्याचे ठरविले. त्या तारखा उत्तर आयर्लंडमधील गुणपात्र स्पर्धेवर येत असल्याने संयोजकांनी परवानगी नाकारली. अखेर मकावचे सामने डिसेंबरमध्ये ढकलण्यात आले. खेळाडूचा वेळ नेमका कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न या प्रसंगाने उघडपणे पुढे आणला.

क्रमवारीमुळे स्नूकरला शिस्त आली. संयोजकांच्या मर्जीऐवजी निकालांना महत्त्व आले आणि अपरिचित खेळाडूलाही वर येण्याचा मार्ग मिळाला. १९७६ ची पाच गुणांची यादी आणि दोन वर्षांच्या मिळकतीची आजची बेरीज यांमागील न्यायाची कल्पना एकच आहे. बदलले आहे ते प्रमाण. स्पर्धा सहा होत्या, तेव्हा त्या सर्व खेळणे हा सामान्य अपेक्षेचा भाग होता. त्या वीस झाल्यावर ती अपेक्षा राहण्याच्या जागेची, पैशाची व कौटुंबिक जीवनाची कसोटी बनली. ही कसोटी शेफील्डच्या व मुंबईच्या खेळाडूस सारखी नाही. सर्वोत्तम निकालांची संख्या ठरवून देणे, दुखापत वा अन्य सबळ कारणासाठी खात्यास स्थगिती देणे आणि आशियात पात्रता फेऱ्या घेणे यांसारख्या उपायांनी ती विषमता कमी होऊ शकेल. तसे होईपर्यंत क्रमवारीतील आकडा वाचताना त्यात खेळाडूच्या कौशल्याबरोबरच, तो स्पर्धास्थळांपासून किती दूर राहतो आणि किती वेळ घराबाहेर राहू शकतो, याचाही हिशेब मिसळलेला आहे, हे ध्यानात ठेवणे इष्ट ठरते.